कोंडीरामच्या पायातली कल्हई

कोंडीराम भुवड आणि डॉक्टर हेरंब धारप यांची पहिली भेट झाली, तेव्हा झालेला आवाज एका बाजूला चिंचपोकळीच्या पुलापर्यंत आणि दुसऱ्या बाजूला परळच्या नाक्यापर्यंत ऐकू गेला, असं लालबागमधले जाणते लोक सांगतात. भोंगा झाला असं समजून दोन-तीन गिरण्यांतले कामगार डबे घेऊन खाली उतरले. एका ट्रामवाल्यानं भर रस्त्यात ट्राम थांबवून कुठला टायर फुटला ते वाकून पाहिलं, आणि ट्रामला टायर नसतो हे आठवल्यावर ओशाळून घंटा वाजवली. आवाज दोन डोकी एकमेकांवर आपटल्याचा होता. त्यातलं एक डोकं डॉक्टराचं, म्हणजे आतून भरलेलं. दुसरं गुहागर तालुक्यातलं, म्हणजे बाहेरून भक्कम. अशा टकरीत काय होणार ते ठरलेलंच होतं. डॉक्टरांना टेंगूळ आलं आणि कोंडीरामला डॉक्टरांची दया आली.

त्याचं झालं असं. कोंडीराम गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचा. दोन मागांमध्ये दिवसभर उभं राहायचं, तुटला धागा सांधायचा, हे त्याचं काम. त्याच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला एक जखम झाली होती आणि ती काही केल्या भरत नव्हती. हळद लावून झाली, तूप लावून झालं, बिब्ब्याचा चटका देऊन झाला. त्याचा जोडीदार बुधाजी याच्याकडे जगातल्या सगळ्या रोगांवर एकच औषध होतं, आणि ते गाईकडून मिळायचं. तेही लावून झालं. शेवटी बायकोनं, तुळसानं, त्याला दंडाला धरून लालबागच्या बाजारामागच्या दवाखान्यात आणून बसवलं.

आता डॉक्टर म्हटल्यावर माणूस सवयीनं हात पुढे करतो आणि जीभ बाहेर काढतो. कोंडीरामनं दोन्ही केलं. पण या उंच, किडकिडीत, कोट घातलेल्या माणसानं त्या हाताकडे आणि जिभेकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तो खुर्चीवरून उठला, धोतर सावरून सरळ फरशीवर बसला आणि त्यानं कोंडीरामचं पाऊल स्वतःच्या मांडीवर घेतलं.

कोंडीरामच्या अंगावर सर्रकन काटा आला. आयुष्यात त्यानं खूप पाय धरले होते. गिरणीतल्या जॉबरचे धरले होते, सासऱ्याचे धरले होते, गावी खोताचे धरले होते. त्याचे पाय मात्र आजवर कुणी धरले नव्हते. आणि इथं वयानं वडील, शिक्षणानं डॉक्टर आणि जातीनं बामण असलेला माणूस दिवसाढवळ्या, बायकोच्या देखत ते धरून बसला होता! असल्या प्रसंगी सभ्य कुणबी माणूस जे करील तेच कोंडीरामनं केलं. तो चपळाईनं डॉक्टरांच्या पाया पडायला वाकला. नेमके त्याच क्षणी डॉक्टर मान वर करून काहीतरी विचारायला उठत होते.

"हलू नका, भुवड!" एका हातानं कपाळ आणि दुसऱ्या हातानं पाऊल धरून डॉक्टर ओरडले. "मी तुमची नाडी शोधतोय!"

"नाडी हातात असते, डाक्टर."

"हातात सगळ्यांचीच असते. तुमची पायात आहे का, ते बघू द्या."

ती नव्हती. डाव्या पावलावर कुठंतरी खोल, चोरून चालल्यासारखी ती लागली. उजव्या पावलावर डॉक्टरांची बोटं घोट्यापासून अंगठ्यापर्यंत पुन्हा पुन्हा फिरली आणि रिकामी परत आली. मग त्यांनी कोंडीरामला बाकड्यावर उताणं झोपवून पाय छताकडे करायला लावला. उजवं पाऊल भिंतीच्या चुन्यासारखं पांढरं पडलं. खाली सोडल्यावर तेच पाऊल पिकल्या रातांब्यासारखं लालजांभळं झालं. तुळसा तोंडाला पदर लावून बघत राहिली.

"चालताना पोटरी धरते?"

कोंडीराम खाली बघू लागला. धरत होती. नुसती धरत नव्हती, त्या दुखण्यानं त्याला पुढारी करून सोडलं होतं. मुंबई कुणाची यावरून सारं गिरणगाव तेव्हा रस्त्यावर उतरलेलं. मोर्च्यात कोंडीराम पहिल्या रांगेत असायचा. पण थोडं चाललं की उजव्या पोटरीत कुणीतरी पिळा घातल्यासारखं व्हायचं आणि थांबावंच लागायचं. मोर्च्यात नुसतं कसं थांबायचं? मागचे लोक म्हणणार, भ्यायला. म्हणून तो थांबला की गर्रकन मागं वळायचा, हात वर करायचा आणि पोटरीतली सगळी कळ गळ्यात आणून ओरडायचा, "संयुक्त महाराष्ट्र...!" मागून हजार गळे "झालाच पाहिजे!" म्हणायचे. तेवढ्यात कळ ओसरायची आणि स्वारी पुढे निघायची. बघता बघता लालबागभर बोलबाला झाला की घोषणा द्याव्यात तर भुवडानं, काय आतडं पिळवटून देतो! कळकळ कशी असावी ते त्याच्याकडून शिकावं.

डॉक्टरांनी हे सगळं गंभीरपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "बिड्या किती?"

"कधीमधी."

"कधीमधी!" तुळसा उसळली. "डाक्टर, हे निजेत पण काडी शोधतात. दोन बंडलं जातात रोजची. वर माझ्या चुलीतला निखारा घेतात तो वेगळाच."

"तुळसाबाई," डॉक्टर एकदम तिच्याकडे वळले, "तुमच्या घरात पितळेचं पातेलं आहे?"

नवऱ्याच्या पायावरून गाडी पातेल्यावर कशी आली हे तिला कळेना. "हाय की. लग्नातलं."

"त्यात ताक ठेवता?"

"आता नाय ठेवत. कल्हई उडालीय. कळकंल ना!"

"झालं तर मग!" डॉक्टर टेंगूळ विसरून उभे राहिले. त्यांच्या दवाखान्यात नेहमी येणारे लोक या क्षणाला फार भीत असत. कारण इथून पुढं डॉक्टरांचं जे सुरू व्हायचं, त्याच्या मध्ये येणं औषध घेऊन ठसकलेल्या पोरालाही शक्य नव्हतं. कंपाउंडर जयवंतानं सवयीनं हातातली बाटली खाली ठेवली आणि स्टूल ओढून घेतलं.

"तुमच्या यांच्या अंगात जेवढ्या म्हणून रक्ताच्या वाटा आहेत," डॉक्टर म्हणाले, "अंगठ्याएवढ्या असोत नाहीतर केसाएवढ्या, त्या सगळ्यांना आतून कल्हई आहे. एकच थर. पेशीला पेशी लावून, फरशीला फरशी बसवावी तसा. कांद्याचा पापुद्रा त्याच्यापुढं घोंगडी वाटेल. आमचे मोठमोठे सर्जन म्हणतात, हॅः, नुसतं अस्तर आहे, त्याचं काय एवढं! मी म्हणतो, अस्तर असतं तर ते मेलेलं असतं. हे जिवंत आहे. रक्त कपात काढून ठेवा, चहा निवायच्या आत दही होतं. तेच रक्त अंगात जन्मभर फिरतं आणि विरजत नाही. कोण सांभाळतं त्याला? हा थर सांभाळतो! वाट कधी रुंद करायची, कधी आवळायची, यातही याचंच अंग असणार अशी माझी खात्री आहे. अजून कुणी मानत नाही, पण मानतील. आणि हा थर जिथं आजारी पडतो, तिथं रक्त विरजतं, गुठळी होते, वाट बुजते. काळजात बुजली की माणूस बसल्या जागी जातो. मेंदूत बुजली की अर्धं अंग लुळं पडतं. भुवडांची पायात बुजायला लागलीय. आणि हे काम बिडीचं आहे. दोन बंडलं रोज, म्हणजे पातेलं रोज घासणीनं खरवडायचं!"

मग तुळसानं अगदी व्यवहाराचा प्रश्न विचारला.

"मंग नवी कल्हई करून द्या ना. काय असतील ते आमी देऊ."

जयवंत हसला. डॉक्टर हसले नाहीत. एवढा बरोबर प्रश्न त्यांना त्यांच्या डॉक्टरमित्रांनीसुद्धा कधी विचारला नव्हता.

"ही कल्हई बाहेरून करता येत नाही, बाई. ती स्वतःच स्वतःला करते. शेजारची पेशी सरकते, भोक बुजवते. आपण फक्त खरवडणं थांबवायचं. बिडी बंद. कमी करायची नाही, बंद. एक ओढली तरी पाय गेला समजा."

कोंडीरामनं खिशातलं बंडल काढून टेबलावर ठेवलं. ते ठेवलं, ते नुसत्या पोटाच्या भीतीनं नव्हे. पाय गेला तर गिरणी जाईल, पोट जाईल, हे त्याला कळत होतं. पण त्याच्या डोळ्यांसमोर उभी राहिली ती पायातली चाळ. गणपतीत त्यांच्या गावकऱ्यांचा बाल्या नाच व्हायचा. मध्ये बुधाजी मृदंग घेऊन बसायचा, भोवती गडी फेर धरायचे, आणि प्रत्येकाच्या उजव्या पायात घुंगरांची चाळ असायची. उजव्याच. डाव्या पायात चाळ बांधून कुणी नाचत नाही. कोंडीराम पंधरा वर्षांचा असल्यापासून त्या फेरात पुढचा गडी होता. गावी त्याच्या नावावर जमीन नव्हती की घर नव्हतं. होता तो एवढा एक पाय.

बिडी सोडलेला कोंडीराम हा शेजाऱ्यांच्या दृष्टीनं बिडी ओढणाऱ्या कोंडीरामपेक्षा वाईट निघाला. तो सकाळी नळावर भांडायचा, संध्याकाळी जिन्यात भांडायचा आणि मधल्या वेळात मागाशी भांडायचा. गिरणीत बिडी ओढायची जागा म्हणजे संडास. सवयीनं पाय तिकडं वळायचे आणि तो तिथं हात हलवत उभा राहायचा. बुधाजीला त्याचं वाईट वाटायचं.

"अरे कोंड्या, निदान धूर तरी घे. मी इकडून सोडतो, तू तिकडून ओढ. त्याला काय बिडी म्हणत नाय."

"डाक्टरला शब्द दिलाय मी."

"डाक्टर काय तुझ्या तोंडात बसलाय?"

"पायात बसलाय," कोंडीराम म्हणायचा आणि तिथून निघून यायचा.

तुळसानं तर पहारा बसवला. तो घरात शिरला की ती आधी त्याचं तोंड हुंगायची, मग हात हुंगायची, मग सदऱ्याचा खिसा उलटा करायची. कुणी पाहुण्यानं दारात बिडी पेटवली, तर पाण्याचा तांब्या घेऊन उभी राहायची. तो तांब्या पाहुण्याला प्यायला आहे की बिडीवर ओतायला, हे शेवटपर्यंत नक्की नसायचं. नवऱ्याचा जीव कासावीस होतो, हिरड्या शिवशिवतात, हे तिला दिसत होतं. त्याला जपायचे म्हणून जेवढे मार्ग तिला ठाऊक होते तेवढे तिनं सगळे धरले.

आणि जखम भरली नाही.

संक्रांत गेली, होळी गेली. अंगठ्याचं टोक काळं पडलं. रात्री ठणका इतका लागे की कोंडीराम पाय खाटेखाली सोडून बसून राही. दर आठवड्याला तो दवाखान्यात जाई, डॉक्टर फरशीवर बसत, नाडी शोधत आणि नवी पट्टी बांधून उठत.

"ओढतोय तो," एकदा जयवंत त्याच्या देखतच म्हणाला. "डॉक्टरसाहेब, सगळे असंच सांगतात. घरी सोडली म्हणतात आणि गिरणीत ओढतात."

"भुवड खोटं बोलणार नाहीत."

"मग जखम का भरत नाही?"

डॉक्टर कोंडीरामच्या जवळ आले, चष्मा काढला आणि त्यांनी त्याच्या तोंडाशी नाक नेऊन दीर्घ श्वास घेतला. मग बोटं हुंगली. मग मिशा. कोंडीराम आ करून बसला होता. आता त्याला हे सवयीचं झालं होतं. घरी बायको हुंगायची, इथं डॉक्टर. बिडीचा वास कुठेच नव्हता.

"नाही ओढत," डॉक्टर म्हणाले. पण त्यांचा आवाज पडला होता. पट्टी बांधता बांधता ते कोंडीरामला सांगू लागले की गेल्या महिन्यात दादरला डॉक्टरांची बैठक झाली, तिथं सगळ्यांनी त्यांची टोपी उडवली. म्हणाले, धारप, तुम्ही पाइपाच्या आतल्या गिलाव्याशी लग्न लावलंय. "मी त्यांना म्हटलं, माझा एक पेशंट आहे, त्यानं बिडी सोडलीय, त्याचा पाय दाखवतो तुम्हाला. आता तुमचा पाय मला म्हणतोय, हेरंबा, गप्प बस."

कोंडीरामला एकदम लाज वाटली. आपल्या पायानं या भल्या माणसाला बैठकीत तोंडघशी पाडलं. "माझा पाय वाईट हाय, डाक्टर," तो म्हणाला. "तुमचं बराबर असंल."

परळच्या एका मोठ्या इस्पितळातल्या सर्जननं पाय पाहिला आणि सांगितलं, गुडघ्याखालून काढू. डॉक्टर धारपांनी हातापाया पडून पावसाळ्यापर्यंतची मुदत मागून घेतली.

ऐन वैशाखात एका सकाळी डॉक्टर स्वतःच कोंडीरामच्या चाळीत आले. माणूस अंथरुणातून उठून हिंडायला लागायच्या आत पायाची नाडी बघावी, एवढाच त्यांचा बेत होता. पण गिरणगावात पहाट फार लवकर होते. डॉक्टर गिरगावातून येऊन तीन मजले चढेपर्यंत कोंडीराम गॅलरीत कठड्याला टेकून उकिडवा बसला होता आणि त्याची तर्जनी तोंडात होती.

"भुवड, रात्री ठणका कसा होता?"

"ऊं," कोंडीराम म्हणाला.

"कमी की जास्त?"

"ऊं-ऊं." त्यानं मान वर केली आणि हातानं थांबा अशी खूण केली. तोंड काळ्या रसानं काठोकाठ भरलेलं होतं. बोललं असतं तर डॉक्टरांचा पांढरा कोट वाचला नसता.

"चालू द्या, चालू द्या," डॉक्टर कठड्याला टेकले. "आमच्या आईचंही असंच असतं. सकाळी ती चांदीची डबी घेऊन बसली की अर्धा तास घरात कुणी तिच्याशी बोलायचं नाही. लहानपणापासून मी त्या वासातच उठ..."

ते थांबले. तोंड उघडं ते उघडंच. कोंडीरामनं कठड्यावरून पिंक टाकली आणि घाबरून त्यांच्याकडे पाहिलं. डॉक्टरांना काहीतरी झालं होतं.

"भुवड. हे काय आहे?"

"मशेरी."

"कशाची?"

आता हा प्रश्न लालबागमध्ये कुणी विचारत नाही. पाणी कशाचं, असं विचारल्यासारखं होतं ते. आतून तुळसा हसत बाहेर आली. "कशाची म्हंजे काय, डाक्टर! तंबाखूची. तव्यावर काळी होईस्तवर भाजायची नि कुटायची. मीच करते. यांना विकतची नाय चालत."

"म्हणजे तंबाखू!"

"तंबाखू कुठं? मशेरी! दात घासायची. तंबाखू नाय खात हे. तुमाला शब्द दिलाय ना."

"दिवसातून किती वेळा?"

"पयले सकाळीच लावायचे. आता बिडी सोडल्यापासून जीव उडतो ना यांचा, म्हनून मीच सांगितलं, लावा की जरा, मन रमतं. सकाळी, जेवून उठल्यावर, कामावरून आले की, निजताना. डबी पण बांधून देते गिरणीत." आणि मग अभिमानानं, "दात बघा कसे झालेत! अवो, आ करा ना."

कोंडीरामनं आ केला.

डॉक्टर हेरंब धारप यांनी पुढं जे केलं ते त्या मजल्यावर बरेच दिवस चघळलं गेलं. त्यांनी कोंडीरामला कवटाळलं. मग कठड्याला कवटाळलं. मग त्या अरुंद गॅलरीत एका पायावर उडी मारून ते ओरडले, "बरोबर होतं! माझं बरोबर होतं! धूर नाही, तर रस! वाट कुठलीही घ्या, विष रक्तातच उतरणार!" शेजारची दारं उघडली. कुणीतरी विचारलं, मुंबई मिळाली का? पलीकडच्या खोलीतल्या म्हातारीनं कुंकवाची डबी आणून ठेवली, अंगात आलेल्याला लावायला बरी म्हणून.

"सगळी मेहनत फुकट जात होती हो," डॉक्टर हसत होते, डोळे पुसत होते. "तिकडून बिडी बंद आणि इकडून चार वेळा..."

तेवढ्यात त्यांचं तुळसाकडे लक्ष गेलं. ती उंबऱ्यावर खाली बसली होती. तिला सगळं समजलं होतं. हातात अजून मशेरीची डबी होती, आणि ती त्या डबीकडे, चुलीत हात घातलेलं माणूस स्वतःच्या हाताकडे पाहतं तसं पाहत होती.

"म्हंजे मीच," ती म्हणाली. "माझ्याच हातानं. भाजून, कुटून, वस्त्रगाळ करून."

डॉक्टरांचं हसू कुठल्या कुठे गेलं. ते धोतर सावरून तिच्या शेजारी उंबऱ्यावर बसले. उंबऱ्यावर बसू नये हे त्यांना आईनं शिकवलं होतं, पण त्या सकाळी आईच्या कुठल्याच गोष्टीवर त्यांचा भरवसा उरला नव्हता.

"तुळसाबाई, मी बिडी बंद म्हणालो. तुम्ही ती बंद केलीत. मी बिडीबद्दल विचारलं, मशेरीचं विचारलं नाही. का, तर मलाही ती दात घासायचीच वाटत होती. माझ्या घरात ती रोज सकाळी मला दिसते. आता दोघांत जास्त शहाणं कोण ते तुम्हीच ठरवा."

"पाय वाचंल?"

"सांगता येत नाही. पण आता पायाची आणि तंबाखू सोडण्याची खरी गाठ पडेल. आजवर पडलीच नव्हती."

तुळसानं ती डबी गॅलरीतून खाली भिरकावली. खाली कुणाच्या तरी डोक्यात बसली आणि शिव्या वर आल्या. तिनं त्यांना त्याहून मोठ्या आवाजात उत्तर दिलं, पदर खोचला आणि डॉक्टरांसाठी चहा ठेवायला आत गेली.

तिनं स्वतःचीही मशेरी त्याच दिवशी सोडली. त्याला एकट्याला कशाला, म्हणाली. त्यानंतरचा महिनाभर त्या खोलीत दोन माणसं नव्हती, दोन मुंगसं राहत होती. पण पाऊस लागायच्या सुमाराला कोंडीरामचा ठणका उतरला. तो पाय वर घेऊन झोपायला लागला. अंगठ्याचं काळं टोक सुकलं आणि एके दिवशी पट्टीबरोबर आपोआप गळून पडलं. खाली गुलाबी मांस होतं. डॉक्टरांनी कोंडीरामला नेऊन तो अंगठा सर्जनना दाखवला. सर्जन म्हणाले, कधी कधी असं होतं. जयवंतानं मात्र त्या दिवशी दवाखान्यात सगळ्यांना, औषध नको असलेल्यांनाही, पेपरमिंटच्या गोळ्या वाटल्या.

त्या वर्षी गणपतीत कोंडीराम बसून नुसता गाण्याची झील धरायला होता. पुढच्या वर्षी, श्रावणात, डॉक्टर पुन्हा चाळीत आले. कोंडीराम खाटेवर पाय लांब करून बसला होता. डॉक्टरांनी नाडी शोधली. ती काही पहिल्यासारखी सापडली नाही. मोठी वाट बुजली ती बुजलीच, पण आजूबाजूच्या बारीक वाटांनी मोकळं होऊन रक्त पोचवायला सुरुवात केली असावी, असं ते म्हणाले. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे. त्यांनी तुळसाला हाक मारली.

"तुळसाबाई, इकडे या. डोळे मिटा. आणि यांच्या दोन्ही पावलांना हात लावून सांगा, आजारी पाय कुठला."

"अवो, लोक बघतायत."

"बघू देत. डोळे मिटा."

तिनं डोळे मिटले आणि वाकली. कोंडीरामला पुन्हा जुनी लाज वाटली, त्यानं पाय आखडून घेतले. डॉक्टरांनी दटावून ते सरळ करायला लावले. तुळसानं एक तळवा एका पावलावर ठेवला, दुसरा दुसऱ्यावर. गेली दोन वर्षं ती रोज रात्री त्या उजव्या पायाला हात लावत होती आणि तो रोज सकाळच्या फरशीसारखा गार लागत होता. आता तिनं हात बदलून पाहिले, तळव्याऐवजी हाताची पाठ लावली. कपाळाला आठी पडली.

"हा," ती म्हणाली. मग, "नाय, हा." मग पुन्हा हात बदलले. "मला कळंना, डाक्टर. दोन्ही ऊनच हायत."

डोळे तिनं उघडले नाहीत. तिच्या हाताखाली कोंडीरामची दहा, नव्हे साडेनऊ बोटं हलली. डॉक्टर धारप खिडकीकडे तोंड करून चष्मा पुसू लागले, आणि या माणसानं एवढा मोठा मुद्दा हाती आला असताना व्याख्यान दिलं नाही.

त्या गणपतीत कोंडीराम नाचला. डॉक्टर गिरगावातून बायकोला, पद्मजाबाईंना, घेऊन आले. सगळी गर्दी फेर बघत होती, गाणं ऐकत होती. डॉक्टर मान वाकडी करून एकाच घोट्याकडे बघत होते आणि चाळ वाजली की पद्मजाबाईंचा हात दाबत होते. "ऐकलंस? ऐकलंस?" शेवटी त्या म्हणाल्या, "अहो, ऐकतेय, पण माझ्या बोटांत रक्त जाऊ द्या."

पुढं दादरच्या बैठकीत त्यांनी कोंडीरामचा पाय खरोखरच दाखवला. सगळ्यांनी कौतुकानं पाहिला, आणि मग चहा आला.

महाराष्ट्र झाला त्या दिवशी लालबागमध्ये पेढे वाटले, गुलाल उडाला, माणसं ओळख नसलेल्यांना मिठ्या मारत होती. बुधाजीनं आनंदाच्या भरात बिडी पेटवून पुढं केली आणि कोंडीरामनं ती घेतली. डॉक्टर धारपांनी नंतर ती त्याच्याकडून तीनदा सोडवली, तीनदा ती परत लागली. एकोणीसशे बासष्टच्या पावसाळ्यात उजवा पाय गुडघ्याखाली कापला. गिरणीनं त्याला सुताच्या गोदामाच्या दारावर राखणीला बसायला एक स्टूल दिलं.